सुमनअक्काचे वरचे सहा दात

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. शिंदखेड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आमची पिठाची गिरणी होती, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, आणि गिरणी चालू असताना मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं. सकाळी आबा इंजिनाचं हँडल फिरवायचे, ते दोन-तीनदा फुरफुरायचं, मग एकदा त्याचा भकभकाट लागला की भिंती, फडताळातले कप, पाण्याच्या हंड्यावरचं झाकण, सगळं संध्याकाळपर्यंत बारीक थरथरत राहायचं. गिरणी बंद झाली तरी आम्ही त्याच पट्टीत बोलायचो. पाहुणे आले की त्यांना वाटायचं घरात भांडण चाललंय. पीठ तर सगळीकडे. देव्हाऱ्यातल्या देवांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आबांच्या भुवयांवर. मिरची दळायचा दिवस असला की आख्खी आळी शिंकायची आणि आबांना शिव्या द्यायची. पण त्या घराचा वास मला अजून आवडतो हे कबूल करते. गरम ज्वारीच्या पिठाचा तो वास, त्यात मायच्या तव्यावरच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा आणि खरपूस भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा. त्या वासाबद्दल मला राग नाही. बाकी बऱ्याच गोष्टींबद्दल आहे, आणि हे प्रकरण मी त्या रागापायीच लिहायला घेतलं आहे.

आबा म्हणजे माझे वडील, आणि सुमन ही माझी मोठी बहीण. मी तिला अक्का म्हणायची. मायला पिठाने दमा झाला आणि डॉक्टरांनी तिला गिरणीत पाऊल टाकायला मनाई केली, तेव्हा अक्का सातवीत होती. आबांनी तिला शाळेतून काढलं आणि मायच्या जागी गिरणीवर बसवलं. कुणाला त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही, तिलाही नाही. धान्य ओतायच्या तोंडाशी एक उंच स्टूल होतं, त्यावर ती बसायची, दिवसभर. एका हाताने धान्य लोटायचं, दुसऱ्या हाताने पीठ चिमटीत घेऊन जाडबारीक बघायचं, आणि गिऱ्हाइकाशी इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायचं. मायने एकदा तिला तोंडाला बांधायला जुन्या लुगड्याची पट्टी काढून दिली. आबांनी ती सोडायला लावली. "तोंड बांधशीन तं गिऱ्हाइकले ऐकू काय जाई?" म्हणाले. तेव्हा तोंड उघडं ठेवून ती दिवसभर ओरडायची आणि पीठ तिच्या ओठांवर, दातांवर बसत राहायचं. तहान लागली की गुळाचा चहा. भूक लागली की मूठभर डाळीचं पीठ आणि गुळाचा खडा. अक्का बडबडी होती, हसरी होती. गिरणीवर येणाऱ्या बायका दळण टाकून निघून जाऊ शकत होत्या, पण तिच्याशी गप्पा मारायला थांबायच्या. तिच्या हसण्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातूनही मागच्या खोलीपर्यंत यायचा.

तिचे दात बिघडायला लागले ते हिरड्यांच्या कडेने. आधी खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या, मग त्या पिवळट, तपकिरी झाल्या, मग तिथे खळगे पडले. सगळे वरच्या पुढच्या दातांवर, अगदी समोर. गार पाण्याने कळ यायला लागली तेव्हा मायने तिला मिश्री दिली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, मिश्री म्हणजे तव्यावर काळीठिक्कर भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडे बायका ती बोटाने दातांना घासतात आणि ती घासल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. तिने ठणका दबतो. दात आत सडत राहतो आणि वर माणसाला तंबाखूचं व्यसन लागतं. एका लहान मुलीला दातदुखीवर औषध म्हणून व्यसन लावलं गेलं, प्रेमाने, पाठीवरून हात फिरवत. मिश्रीनेही भागेना तेव्हा दातातला किडा काढणारी एक बाई बोलावली. तिने निखाऱ्यावर तेल आणि भुईरिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं, बी टाकलं, धुराची नळी अक्काच्या तोंडात धरली, अक्का खोकून खोकून निळी पडली, आणि मग पितळी वाटीतल्या पाण्यात त्या बाईने आम्हाला पांढरे बारीक किडे दाखवले. "दखा, निंघना!" ती म्हणाली. आबा खूष झाले. मायने बाईची ओटी भरली. मी वाटीत वाकून बघत होते आणि माझी खात्री पटली होती की अक्का आता बरी होणार.

बारावीनंतर मी जळगावला मावशीकडे शिकायला गेले. मावशीचं घर पिंप्राळ्यात होतं, नवी वसाहत, रस्ते अजून मातीचे, पण प्रत्येक दारात एक स्कूटर आणि दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. मला गणित जमायचं म्हणून आबांनी जाऊ दिलं. मी रसायनशास्त्र घेतलं. कॉलेज दुपारी सुटायचं आणि संध्याकाळी मी एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून जायची. डॉक्टर सरोज तिशीतली बाई होती. तिचं घराणं राजस्थानातून आलेलं, जैन, कापडाचा मोठा धंदा. खाली भावांचं दुकान आणि वर तिचा दवाखाना. भाऊ तिला "सरोज, लग्न कर" म्हणून आणि गिऱ्हाइकं तिला "पुरुष डॉक्टर नाही का?" म्हणून छळायची. त्यामुळे ती कायम तापलेली असायची. माझ्याशी पहिलं बोलली ते असं: "हात धुतलेस? पुन्हा धू. माझ्याकडे रडायचं नाही आणि मला ताई म्हणायचं नाही." मी तिला बाई म्हणायला लागले. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

एका संध्याकाळी पेशंट नव्हता. मी बाईंना भुईरिंगणीच्या धुराची गोष्ट सांगितली, अगदी खरी मानून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू सायन्सला आहेस ना? मग मला काय विचारतेस? बी आण, जाळ, आणि बघ." मी रविवारी मावशीच्या मागच्या अंगणात शेगडी पेटवली, बी टाकलं आणि धुरावर ओला वाडगा पालथा धरला. ना माणसाचं तोंड, ना दात. वाडग्याच्या पाण्याला तेच पांढरे किडे चिकटले. उष्णतेने बी फुटतं आणि त्याच्या आतला कोंब उडतो, तो वळवळलेला दिसतो, इतकंच. मी शेगडीपाशी बसून राहिले. मावशी म्हणाली, "काय झालं गं?" मी वाडगा तिच्यापुढे धरला. मला त्या धूरवाल्या बाईचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो आबांच्या खूष झालेल्या चेहऱ्याचा. इतक्या सोप्या फसवणुकीने त्यांचं समाधान झालं होतं, आणि पुढची सगळी वर्षं अक्काने "दुखतंय" म्हटलं की ते म्हणायचे, "किडा तं निंघना ना तुना."

मग बाईंनी मला खरं काय ते दाखवलं. माझ्याच दाढेवरचा चिकट पांढरा थर काडीने खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी डोळा लावला आणि मागे सरकले. काड्या, ठिपके, मळसूत्रासारखे वळलेले धागे, सगळी गर्दी हलत होती, आणि ती माझ्या तोंडातली होती. "हे जन्मभर राहणार," बाई म्हणाल्या. "सगळे मारता येत नाहीत, मारायचे पण नाहीत. पण ह्यांच्यातले काही साखर खाऊन आम्ल सोडतात, आणि आम्लाने दातातलं खनिज विरघळतं. किडा-बिडा कुठे नाही. तुझी बहीण पिठात बसते म्हणतेस ना? पीठ गोड लागत नाही म्हणून कुणाला कळत नाही. दातावर पीठ राहिलं की थुंकीने त्याची साखर होते. वर गुळाचा चहा. तिच्या पुढच्या दातांना हिरडीपाशी खळगे असतील." मी म्हटलं, तुम्ही न बघता कसं सांगता? त्या म्हणाल्या, "पिठावर काम करणाऱ्यांचे दात असेच जातात. पुस्तकात आहे." पुस्तकात होतं! ज्या गिरणीवर आमचं घर चाललं, जिच्या जिवावर मी जळगावला शिकत होते, ती गिरणी माझ्या बहिणीचे दात खात होती, हे कुठल्यातरी पुस्तकात छापून तयार होतं, आणि शिंदखेड्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. एक फडकं तोंडाला बांधलं असतं, दर चहानंतर चूळ भरली असती, तर भागलं असतं.

त्या दवाखान्यात मी एक पावडर पहिल्यांदा पाहिली, जिने पुढे माझं सगळं आयुष्य घेतलं. बाटलीत मैद्यासारखी दिसायची. ती बारीक दळलेली काच होती. साधी काच नव्हे, तिच्यात कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड होतं. काचेच्या जाड पट्टीवर ती पावडर घ्यायची, शेजारी आंबूस वासाच्या द्रवाचे थेंब टाकायचे, आणि भराभर घोटायचं. मिनिटाभरात लोण्यासारखा लगदा व्हायचा. "चमकतोय तोवरच दाताला चिकटतो," बाई म्हणायच्या. "चमक गेली की फेकून दे, कंजूषपणा करू नकोस." खळग्यातला मऊ सडलेला भाग हाताच्या छोट्या हत्याराने काढायचा, ड्रिल नसलं तरी चालतं, मग हा लगदा भरायचा, वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा म्हणजे थुंकी लागत नाही. तो दाताच्या खनिजाला थेट जोडला जातो. आणि त्यातलं फ्लोराइड पुढे हळूहळू झिरपत राहतं, दाताची कड घट्ट करतं, जंतूंना तिथे आम्ल करणं जड जातं. खळगा खोल असला तर तळाशी चुन्याच्या जातीची एक लेई, कारण चुन्याच्या त्या दाहकपणात जंतू तगत नाहीत. दगडमातीतून आलेल्या वस्तू सगळ्या. काच, चुना. मला त्याचं वेड लागलं. मी पहिल्यांदा लगदा नीट घोटला तेव्हा बाई "हं" म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून तेवढं म्हणजे खूप होतं.

त्याच सुमारास अक्कासाठी धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा वायरमन होता, शांत, दिसायला बरा. मी बघण्याच्या कार्यक्रमासाठी घरी आले होते. मायने शेवभाजी केली होती, पाहुण्यांसाठी शिरा होता, आबांनी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली होती आणि त्या शांततेत सगळ्यांचे आवाज विचित्र मोठे वाटत होते. अक्का ओठ मिटून बसली होती. विचारलं की मान हलवायची. मुलाची आई बराच वेळ बघत राहिली आणि मग उठून तिच्यासमोर येऊन बसली. "तोंड उघाड, पोरी." अक्काने आबांकडे पाहिलं. आबांनी मान डोलावली. त्या बाईने अंगठ्याने अक्काचा वरचा ओठ वर सारला, बोट आत घालून दातांवरून फिरवलं, आणि बोट पदराला पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुढला दात तं बठ्ठा किडेल शेतस. ह्या काढी टाका, नवा बसाडा, मंग तारीख धरूत." शिऱ्याच्या बश्या हातात घेऊन मी दारात उभी होते. खोलीत माझे वडील होते, काका होते, गावातली चार जाणती माणसं होती. बाजारात बैलाचा ओठ वर करतात तसा माझ्या बहिणीचा ओठ वर केला गेला होता आणि एकाही माणसाला उठून "हात काढा" म्हणावंसं वाटलं नाही. मुलगा मात्र खाली बघत होता. हे अक्काने पाहिलं होतं, मी नाही.

पाहुणे गेल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. हात धरून बसवलं आणि सांगितलं की दात काढायची गरज नाही, मुळं चांगली आहेत, खळगे वरवर आहेत, ते भरता येतात, पांढरे, दातासारखेच दिसतात, बाई रविवारी खास दवाखाना उघडतील. आबा ऐकून घेत होते. मला वाटलं पटलं. शेवटी म्हणाले, "तू शिकेल शेस, पन लगीन तुले काय समजस? भरेल दात उद्या पडना तं नाव मनं जाई." माय म्हणाली, "पोर नांदाले जाई, हाई ध्यानमा ठेव." मी अक्काकडे वळले. ती म्हणाली, "रविवारी येस मी. तू जाय." मी जळगावला परतले आणि बाईंना सांगितलं की रविवारी येणार. त्यांनी शनिवारीच हत्यारं उकळून ठेवली. मी पावडरची बाटली पुसून ठेवली. रविवारी सकाळपासून मी बसस्टँडवर उभी राहिले. धुळ्याकडून येणारी प्रत्येक एस.टी. पाहिली. दुपारी बाई स्वतः स्कूटरवर स्टँडवर आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "जा. घरी जा, बघ काय झालंय."

मी पोचले तेव्हा अक्का मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तोंडात फडकं होतं, फडक्याला रक्त. वरचा ओठ आत गेला होता आणि ती एकदम मायच्या वयाची दिसत होती. आबा शनिवारी तिला धुळ्याला घेऊन गेले होते. दातांचा डॉक्टर होता, शिकलेला, पदवी भिंतीवर लावलेला. आबा म्हणाले काढा, त्याने काढले. एका बैठकीत वरचे पुढचे सहा. त्याने अक्काला काही विचारलं नाही. ते भरता येतात हे त्याला माहीत नव्हतं असं मी धरून चालत नाही. त्यालाही ते पुस्तक वाचावं लागलं असणार. पण भरायला वेळ लागतो, जीव लावावा लागतो, आणि गावाकडून बापासोबत आलेली पोर समोर असली की चिमटा हाताशीच असतो. आबा बाहेरच्या खाटेवर जेवत होते. मला बघून म्हणाले, "दुखनं कायमनं गयं तिनं. आते कसाले रडस?" मी रडत नव्हते. मी ओरडत होते. काय काय ओरडले ते मला आठवत नाही, पण आळीतली माणसं दारात आली होती. एक वाक्य आठवतं. मी म्हटलं, "तुमच्या गिरणीने तिचे दात खाल्ले आणि उरले ते तुम्ही उपटले." आबांनी ताट बाजूला सारलं आणि उठले, मला वाटलं मारणार. माय मध्ये आली. आतून अक्काचा आवाज आला, फडक्यातून, बोबडा. "लते, गप बस वं. लागनं नही माले."

काढलेले दात आबांनी आणले होते. नव्या कवळीच्या मापाला लागतील असं त्यांना वाटलं होतं. कागदाच्या पुडीत कोनाड्यात ठेवले होते. मी ती पुडी उचलली, कुणी अडवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर उघडली. बाईंनी एकेक दात उचलून दिव्याखाली फिरवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सहाही दातांची मुळं लांब, पिवळसर, घट्ट, निरोगी. एका दाताचा खळगा आतल्या नसेपर्यंत गेला होता, त्यालाही इलाज होता. बाकीचे पाच अर्ध्या तासाचं काम. बाई खिडकीपाशी गेल्या आणि खाली भावाच्या दुकानाकडे तोंड करून मारवाडीत काहीतरी बोलल्या, मला वाटतं शिवी होती. मग परत आल्या, दात धुतले, जंतुनाशकात ठेवले, आणि पांढऱ्या प्लास्टरच्या लादीत ओळीने उभे बसवले. "हत्यार घे," म्हणाल्या. मला कळेना. "शीक. आता हेच दात आहेत आपल्याकडे. साफ कर आणि भर." मी म्हटलं मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "मग त्या धुळ्याच्या माणसात आणि तुझ्यात फरक काय? त्यालाही जमलं नाही."

मी माझ्या बहिणीच्या दातांवर शिकले. हे मी आजवर कुठल्या व्यासपीठावर सांगितलेलं नाही. लोक विचारतात, ह्या क्षेत्रात कशा आलात, मी काहीतरी गुळमुळीत सांगते. खरं हे आहे की रोज संध्याकाळी मी त्या प्लास्टरच्या लादीपुढे बसायची, अक्काच्या दातातला मऊ तपकिरी भाग खरवडायची, कडक भाग लागला की थांबायची, लगदा घोटायची, भरायची. पहिल्यांदा चमक गेल्यावर भरला, तो निघून आला. पुन्हा भरला. सहावा दात होईपर्यंत माझा हात बसला होता. शेवटी ते सहा दात लादीत उभे होते, स्वच्छ, पांढरे, भरलेले, कुणाही नवरीच्या तोंडात शोभतील असे. बाईंनी नखाने प्रत्येकाची कड तपासली. म्हणाल्या, "उत्तम," आणि मग आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत बसलो, कारण आता त्यांचं करायचं काय हे दोघींनाही माहीत नव्हतं.

हे लिहिताना मी ह्या वयातही टेबलावरून उठून फेऱ्या मारते आहे. पुढे मी त्याच वस्तूंवर काम केलं. जंतूंना टिकू न देणारं सिमेंट, तोंडातल्या ओलाव्यात कॅल्शियम सोडणारी काच, बांधकामाच्या सिमेंटच्या नात्यातलं पण शुद्ध केलेलं दातांचं सिमेंट. परिषदांमध्ये माझ्यानंतर बोलणारी तरुण मंडळी पडद्यावर सुंदर चित्रं दाखवतात, जंतूंची वाढ कशी खुंटली, खनिज कसं परत बसलं, आणि टाळ्या पडतात, मीही वाजवते. मग मी गावी जाते. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा आमच्या भागातल्या एका दवाखान्यात दातांची नवी कोरी खुर्ची पाहिली. डॉक्टर मुलगी हुशार होती, सगळं वाचलेली. मी विचारलं, भरतेस काय? ती म्हणाली, "मॅडम, भरायचं सामान महिनोन्महिने येत नाही. चिमटे आहेत." बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बायका रांगेत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत काचेची पावडर माझ्या प्रयोगशाळेतून पडद्यापर्यंत पोचली, टाळ्यांपर्यंत पोचली, त्या बाकापर्यंत पोचली नाही. मला कुणी म्हटलं की वयाबरोबर राग निवतो, तर मी त्यांना त्या बाकावर नेऊन बसवीन.

तर अक्काचं पुढे. जखमा भरेपर्यंत लग्न थांबलं होतं. मी आबांशी बोलणं टाकलं होतं, पण मायला निरोप धाडला की अक्काला माझ्याकडे पाठवा, नाहीतर मी लग्नाला येणार नाही आणि न येण्याचं कारण सगळ्या गावाला सांगेन. ती आली. पिंप्राळ्यात मावशीच्या घरी आम्ही दोघी एका चटईवर झोपायचो. बाईंनी तिच्या वरच्या दातांची कवळी नीट, मापाची करून घेतली आणि खालच्या दातांची तपासणी केली. चार दातांना खळगे होते. ते बाईंनी भरले, मी लगदा घोटला. अक्का खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसायची, बाईंचा हात बघत. मिश्री सोडायला तिला सगळ्यात त्रास झाला, चिडचिड करायची, पण सोडली. एकदा मी तिला म्हटलं, हे लग्न मोड. तू नाही म्हण, मी तुझ्यामागे उभी राहते. तिने मला सरळ सांगितलं, "माले तो आवडस. त्यानी माय तोंडमा बोट घाले तवय त्यानी मान खाले घाली. तू बठ्ठास्ना राग करस, पन त्यानी मान मी दखी." मला तिचाही राग आला. मला हवा होता तो शेवट ती मला देत नव्हती. तिने लग्न केलं आणि तिचा संसार चांगला झाला, हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

आबा तिला न्यायला जळगावला आले तो दिवस मला लख्ख दिसतो. मावशीच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि अक्काला म्हणाले, दाखव बरं कशी बसली कवळी. अक्काने कवळी काढून त्यांच्यासमोर बशीत ठेवली. रिकाम्या वरच्या हिरडीने त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आबा, खालना दात मना शेतस. त्यासले कोनी हात लावाना नही. तुमी बी नही, सासरनं बी कोनी नही. मी त्यासलेबी सांगसू." आणि सांगितलं तिने. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूला तोंडावर सांगितलं. तिच्या दोन्ही मुलींना दाढा आल्या आल्या ती जळगावला बाईंकडे घेऊन आली.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते अक्काला फोनवर वाचून दाखवलं. ती धुळ्याला असते, गुडघे दुखतात, आवाज अजून तसाच गिरणीवरचा. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्या रविवारच्या भांडणानंतर एक वाक्य होतं, की आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. ते वाक्य मी का घातलं कोण जाणे. बाप इतका कोरडा दाखवायचा धीर झाला नसेल. अक्काने मला तिथेच थांबवलं. "आबाले वाईट वाटनं अस काय लिखेल शे तू? त्यासले नही वाटनं. मरेतोपर्यंत नही वाटनं. खोडी टाक ते." मी खोडलं. मग ती म्हणाली, "आनि तू लिखेल शे का मी बोलनू, लागनं नही. ते मी तुले गप करासाठे बोलनू. मी रडनू व्हतू, लते. तठे, खुर्चीमा. ते लिख."

लिहिते. धुळ्याच्या त्या खुर्चीत सुमन रडली. पहिल्या दातापासून सहाव्या दातापर्यंत मोठ्याने रडली, "नको" म्हणाली, आणि खोलीत असलेल्या दोन्ही पुरुषांनी ते ऐकलं.